तारिणीच्या सहा जणी आणि आपलं शेततळं

कळमनुरी तालुक्यातल्या सगळ्या गटांना, चुलीपुढं बसून ऐकणाऱ्या मावश्यांना, आणि शाळेतून येऊन रेडिओचा आवाज वाढवणाऱ्या लेकींना आमचा नमस्कार.

आज आम्ही कर्जाचं, हप्त्याचं, व्याजाचं काही सांगणार नाही. आज पाण्याबद्दल बोलायचं आहे. हंड्यातल्या पाण्याबद्दल नाही, डोक्यावरून जाणाऱ्या पाण्याबद्दल.

आपण समुद्रापासून लांब राहतो. पण पाण्यापासून लांब नाही. एका अंगाला पैनगंगा, तिच्यावर ईसापूरचं धरण, दुसऱ्या अंगाला कयाधू. कालवे आहेत. विहिरी तर शेताशेतात आहेत. आणि २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली, तेव्हापासून शेततळीही वाढली. या सगळ्या पाण्याशी रोजचा संबंध कुणाचा? बाईचा. धुणं घेऊन नदीवर जाते ती बाई. फवारणीच्या पंपाला विहिरीतून, तळ्यातून पाणी भरून देते ती बाई. शेळ्यांना पाण्यावर नेते ती पोरगी. आणि या बायापोरींपैकी पोहता किती जणींना येतं? तुमच्या गटाच्या बैठकीत हात वर करायला सांगा. आम्ही ज्या ज्या गटांत हे विचारलं, तिथं एक-दोन हात वर झाले, तेही बहुतेक भोई समाजातल्या वहिनींचे.

घरातल्या पोराला मात्र पोहता येतं. उन्हाळ्यात पाठीला डबा बांधून काका किंवा मोठा भाऊ त्याला विहिरीत ढकलतो, आठ दिवसांत पोरगं शिकतं. पोरगी त्याच विहिरीच्या काठावर त्याचे कपडे सांभाळत बसते. पुढं तिचं लग्न होतं, ती सासरच्या विहिरीवर जाते, आणि आयुष्यभर त्या पाण्याला भीतच राहते.

म्हणून आज आम्ही तुम्हाला सहा जणींची गोष्ट सांगणार आहोत. त्या पाण्यावर राहिल्या, आणि पाण्यावर राहता राहता पुष्कळ काही शिकल्या.

आपल्या नौदलाची एक शिडाची होडी आहे, तिचं नाव तारिणी. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती बांधली. लांबी साधारण सतरा मीटर. म्हणजे आपल्या एसटीच्या दीड गाडीएवढी. १० सप्टेंबर २०१७ रोजी ही होडी गोव्याहून निघाली आणि सगळ्या पृथ्वीला वळसा घालून २१ मे २०१८ रोजी गोव्यालाच परत आली. २५४ दिवस. अंतर सुमारे चाळीस हजार किलोमीटर. होडीवर सहा जणी होत्या, सगळ्या बायका, एकही पुरुष नाही. त्यांच्या प्रमुख होत्या वर्तिका जोशी. बाकीच्या पाच जणी प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता.

आता तुम्ही म्हणाल, त्या नौदलातल्या, त्या समुद्राकाठच्याच असतील. तीच तर गंमत आहे. वर्तिका जोशी उत्तराखंडातल्या ऋषिकेशच्या. पायल गुप्ता डेहराडूनच्या. प्रतिभा जामवाल हिमाचलातल्या कुल्लूच्या, म्हणजे बर्फाच्या डोंगरातल्या. विजया देवी मणिपूरच्या. ऐश्वर्या हैदराबादच्या. सहांतल्या एकट्या स्वाती विशाखापट्टणमच्या, त्यांचंच गाव तेवढं समुद्रकाठी. म्हणजे पाच जणी आपल्यासारख्याच, समुद्र लांब असलेल्या. आणि नौदलात तरी त्या काय करत होत्या? कुणी जहाजांच्या बांधणीचं काम बघत होती, कुणी विमानांची ये-जा सांभाळत होती, कुणी शिक्षण विभागात होती. वाऱ्यावर चालणारी होडी हाकणं त्यांतल्या बहुतेक जणी मोठेपणीच शिकल्या.

कशा शिकल्या, ते नीट ऐका, कारण आपल्याला त्यातलंच घ्यायचं आहे.

पहिल्याच दिवशी त्यांना कुणी मोठ्या समुद्रात सोडलं नाही. आधी शिकवणी झाली: शीड कसं चढवायचं, दिशा कशी काढायची, हवामान कसं ओळखायचं, संदेश कसा पाठवायचा. मग तारिणीची थोरली बहीण शोभेल अशी म्हादेई नावाची होडी होती, तिच्यावर सराव. शिकवायला दिलीप दोंदे होते. हे आपले मराठी गृहस्थ, २००९-१० मध्ये म्हादेईवरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. त्यांच्या हाताखाली या मुली आधी किनाऱ्याजवळ फिरल्या. मग विशाखापट्टणमहून गोव्याला आल्या. मग मॉरिशसला जाऊन आल्या. मग गोव्याहून आफ्रिकेच्या टोकाला केपटाऊनपर्यंत गेल्या. आणि मग पृथ्वीप्रदक्षिणा. एकेक पायरी. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरची नाही. आपण गटात पहिलं कर्ज लहान देतो, ते फिटलं की मोठं देतो, अगदी तसंच.

आता होडीवर राहणं कसं असतं ते सांगतो. सहा जणी आणि एवढीशी जागा. खाली झोपायच्या अरुंद फळ्या, वर उघडं आभाळ. होडी रात्री थांबवता येत नाही, म्हणून पाळ्या लावाव्या लागतात. दोघी जाग्या, बाकीच्या झोपलेल्या, काही तासांनी अदलाबदल. स्वयंपाकही पाळीपाळीनं. होडी सारखी एका कुशीवर कलते, म्हणून अशा होडीत चूल झुलत्या आधारावर बसवलेली असते. होडी तिरकी झाली तरी चुलीवरचं भांडं सरळ राहतं. चारी बाजूंना पाणीच पाणी, पण पिण्याचं पाणी मोजून वापरायचं. हे मात्र आपल्याला कुणी शिकवायला नको, मे महिन्यात आपण तेच करतो.

काही मोडलं तर मिस्त्री नाही. शीड फाटलं तर स्वतः शिवायचं, यंत्र बिघडलं तर स्वतः उघडायचं. न्यूझीलंडहून निघाल्यावर फॉकलंड बेटं येईपर्यंत सुमारे चाळीस दिवस त्यांचा पाय जमिनीला लागला नाही. त्याच वाटेवर दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न आहे, जुने दर्यावर्दीही तिथं देवाचं नाव घेत. तिथल्या समुद्रात ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा त्यांनी सोसला. त्या वर्षीची दिवाळीही त्यांनी समुद्रावरच काढली.

आणि शेवटच्या टप्प्यात काय झालं? होडी वळवायची जी यंत्रणा असते, सुकाणूची, तीच बिघडली. मग त्यांनी ठरलेलं नसताना मॉरिशसला होडी लावली, दुरुस्ती केली, आणि मग घर गाठलं. कुणी म्हटलं नाही की आता एवढं थोडं राहिलंय तर तसंच रेटू. थांबायचं कधी, हेही शिकण्यातच येतं.

पुढं २ ऑक्टोबर २०२४ ला याच तारिणीवरून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि आठ महिन्यांनी, २९ मे २०२५ ला गोव्याला परतल्या. पहिल्या सहा जणींनी वाट पाडली, मग दोघींना जाता आलं.

या सगळ्या गोष्टीतली एक बाब आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खवळलेल्या समुद्रात अशा होडीवर वर येणारी बाई आधी काय करते? अंगात पट्टा घालते आणि त्याची दोरी होडीला अडकवते. कितीही हुशार असो, कितीही वर्षांचा सराव असो. पोहता येतं म्हणून दोरी सोडत नाही आणि दोरी आहे म्हणून शिकणं सोडत नाही. मैत्रिणींनो, आपल्याला या दोन्ही गोष्टी हव्यात. दोरीही आणि शिकणंही.

‘त्या सरकारी नोकरीतल्या, त्यांना पगार, त्यांना शिकवायला माणसं, आमचं काय?’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून आता बचत गटाचीच गोष्ट सांगतो. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला मांडवी खाडी आहे. तिथं स्वामिनी महिला बचत गट आहे. २०१७ च्या सुमारास या गटातल्या बायका वल्ही मारायला शिकल्या आणि पर्यटकांना स्वतःच्या होडीतून खाडीतली कांदळवनं दाखवायला लागल्या. इंजिन नाही, हातानं वल्हवायचं. झाडांची, पक्ष्यांची माहितीही त्याच सांगतात. त्याही आपल्यासारख्याच घर सांभाळून, गटात पैसे टाकून असलेल्या बायका. त्यांच्या दारात पाणी होतं, पण होडी हाकणं हे पुरुषाचं काम मानलेलं होतं. त्या शिकल्या आणि पाण्यानं त्यांना रोजगार दिला.

आपल्याला लगेच होडी नको, की पर्यटक नकोत. आपल्याला आपली माणसं हवीत. जगात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसं बुडून जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात लहान मुलं फार असतात. २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडणं रोखण्यासाठी पाळायचं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलं. बांगलादेशात तर गावोगाव तळी. तिथं गावातल्याच तळ्यात बांबूचा मांडव उभारून मुलामुलींना पोहायला शिकवतात. शिकलं कधी म्हणायचं? पंचवीस मीटर पोहता आलं आणि अर्धा मिनिट जागच्या जागी तरंगता आलं, की शिकलं. एवढंच माप. स्पर्धा जिंकायची नाही, काठापर्यंत यायचं आहे.

आमच्या गटातल्या नऊ जणींनी गेल्या उन्हाळ्यात हे करून बघितलं. जागा निवडली ती पायऱ्यांची विहीर, पाणी स्वच्छ आणि थांबलेलं. शिकवायला भोईवाड्यातल्या वहिनी. वेळ दुपारी तीन ते चार, तेव्हा विहिरीवर फक्त बायका. साडी नेसून कुणी पाण्यात उतरायचं नाही, साडी पायात गुंतते आणि भिजली की जड होते. सलवार आणि अंगाबरोबरचा सदरा घालायचा. सुरुवातीला घरोघरी बोलणी झाली. एका सासूबाईंनी विचारलं, “या वयात पोहून कुठं जायचंय तुम्हाला?” आमच्यातल्या एकीनं सांगितलं, “कुठं नाही आत्याबाई, परत घरी यायचंय.” त्यानंतर सासूबाई स्वतः नातीला घेऊन काठावर येऊन बसू लागल्या.

ज्या क्रमानं आम्ही शिकलो, तो सांगतो.

पहिले तीन-चार दिवस फक्त श्वास. कमरेएवढ्या पाण्याच्या पायरीवर उभं राहायचं, तोंडानं श्वास घ्यायचा, डोकं पाण्यात घालायचं आणि नाकातोंडातून बुडबुडे सोडायचे. भीती असते ती इथंच. नाकात पाणी गेलं की माणूस घाबरतो, आणि घाबरला की हातपाय झाडून थकतो. बुडबुडे जमले की निम्मी भीती जाते.

मग तरंगणं. पाठीवर पडायचं, कान पाण्यात, पोट वर, छातीत हवा भरून. वहिनींचा हात पाठीखाली. हळूहळू तो हात काढायचा. अंगात हवा असली की पाणी उचलून धरतं, हे कळायला आमच्या काही जणींना दोन दिवस लागले, काहींना दहा.

त्यानंतर कठडा धरून पाय मारणं, मग तेलाचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन पाठीला बांधून हात मारणं, आणि शेवटी कॅन सोडून या पायरीपासून त्या पायरीपर्यंत. नऊपैकी सहा जणी उन्हाळा संपेपर्यंत विहिरीचा पल्ला पार करू लागल्या. तिघी तरंगतात, पुढच्या वर्षी पोहतील.

आमचे नियमही सांगतो. एकटीनं कधीही पाण्यात जायचं नाही. पोहणारी एक जण कायम काठावर, तिच्या हातात दोरी, जवळ फुगवलेली टायरची ट्यूब. धरणाच्या फुगवट्यात शिकायचं नाही, तिथं तळ कुठं खोल जातो कळत नाही. कालव्यात तर नाहीच, ओढ असते. पुराच्या पाण्यात पोहणाराही उतरत नाही. जेवून लगेच नाही, अंगात ताप असताना नाही.

आता शेततळ्याचं. हे विशेष लक्ष देऊन ऐका. शेततळ्याला खाली प्लास्टिकचा कागद असतो. त्यावर शेवाळ धरतं. उतार गुळगुळीत. पाय घसरला की माणूस आत जातो, आणि चांगलं पोहता येणारालाही वर चढता येत नाही, हाताला धरायला काही नसतं. एक घसरतो, त्याला काढायला दुसरा जातो, आणि दोघंही जातात. अशा बातम्या उन्हाळ्यात आपण पेपरात वाचतो. म्हणून शेततळ्याला नुसतं पोहणं पुरत नाही. तिथं तारिणीची दोरी हवी. चारी बाजूंना काठावर पक्के खुंट ठोका. त्यांना जाड दोर बांधून पाण्यात सोडा, दोराला हातभर अंतरावर गाठी मारा. एका बाजूला जुन्या टायरची शिडी सोडली तर आणखी चांगलं. काठावर ट्यूब टांगून ठेवा. भोवती कुंपण आणि दाराला कडी, म्हणजे लहान पोर आणि शेळी दोन्ही आत जाणार नाही. दोर आणि खुंट यांना असा किती खर्च येतो? फवारणीच्या एका औषधाच्या बाटलीएवढा.

कुणी बुडताना दिसलं तर काय करायचं? आधी जोरात ओरडा, माणसं जमवा. उडी मारू नका. दोर फेका, काठी पुढं करा, ट्यूब टाका, काहीच नसेल तर अंगावरची साडी किंवा ओढणी सोडून टोक फेका. स्वतः पालथं पडून, मागून कुणीतरी पाय धरून ओढा. बुडणारा माणूस भीतीनं गळ्याला मिठी मारतो, म्हणून ज्याला वाचवण्याचा सराव नाही त्यानं आत जायचं नाही, मग ते आपलं लेकरू का असेना. हे ऐकायला कठीण वाटतं. पण काठावर राहिलेली आईच दोर फेकू शकते.

बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका, गरागरा फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात वेळ जातो. श्वास चालू नसेल तर उताणं झोपवा, मान मागं करून नाक दाबून तोंडानं श्वास द्या, आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी भरभर, जोरात दाबत राहा. दुसऱ्या कुणीतरी लगेच १०८ ला फोन करायचा. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. हे हातानं करून शिकावं लागतं, म्हणून आपल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरला गटाच्या एका बैठकीला बोलवा आणि समोर करून दाखवायला सांगा.

मैत्रिणींनो, ऋषिकेशच्या, कुल्लूच्या मुली समुद्रावर राहिल्या आणि परत आल्या, कारण त्यांना कुणीतरी पायरीपायरीनं शिकवलं, आणि त्यांनी दोरी सोडली नाही. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे. येत्या बैठकीच्या इतिवृत्तात तीन गोष्टी लिहा. गटात पोहता येणाऱ्या बायका कोण, त्यांची यादी. गावात पायऱ्यांची, सुरक्षित विहीर कोणती, आणि तिच्या मालकाची परवानगी. आणि गटातल्या सभासदांची शेततळी किती, त्यांतल्या किती तळ्यांवर दोर आहे. ज्या तळ्यावर नाही, तिथं पावसाळ्याआधी दोर लावायचा, खर्च गटानं मिळून करायचा.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लेक माहेरी आली, नात आली, तर पोरांबरोबर तिलाही विहिरीवर न्या. तिच्या पाठीलाही डबा बांधा. सहा वर्षांच्या पुढच्या मुलीला हे शिकता येतं आणि चाळीशीच्या बाईलाही येतं, आम्ही बघितलं आहे.